वर्धक व मिश्र लसमात्रा : महाराष्ट्रातील इतिहास

एखाद्या रोगावरील लशीची मूळ मात्रा किंवा मात्रांची मालिका पूर्ण झाल्यावर, ओसरू लागलेली प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) पुन्हा उंचावण्यासाठी काही काळाने जी मात्रा देतात, तिला वर्धक मात्रा म्हणतात. व्यवहारात ‘बूस्टर’ हाच शब्द रूढ आहे. आधीच्या मात्रांसाठी एका प्रकारची व नंतरच्या मात्रेसाठी दुसऱ्या प्रकारची लस वापरल्यास त्यांना मिश्र मात्रा असे म्हणतात. २०२० नंतरच्या करोना महासाथीत व्हायरसाचे नवे वाण एकामागून एक उद्भवू लागल्याने हे दोन्ही शब्द सर्वतोमुखी झाले; परंतु त्यांमागील कल्पना पुष्कळ जुन्या असून त्यांच्या इतिहासाचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातच घडले आहेत.

देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला यशस्वी रीतीने टोचण्यात आली. ती व्हिएन्नाहून बगदाद व बसरा या मार्गाने आली होती. बर्फपेटी नसलेल्या त्या काळात लस टिकवण्याचा एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचणे. अशी दंडोदंडी चाललेली लस मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद इ. ठिकाणी गेली. एकदा टोचले की जन्मभर भय नाही, असा या लशीचा प्रवर्तक एडवर्ड जेन्नर याचा विश्वास होता. तो पुढे खरा ठरला नाही. लहानपणी टोचून घेतलेल्या तरुणांना देवी येतात, मात्र त्या सौम्य असतात व मृत्यू क्वचितच येतो, असे यूरोपात १८२० नंतर दिसून येऊ लागले. व्युर्टेंबर्ग व प्रशिया येथील सैन्यांत पुन्हा टोचण्याची पद्धत सुरू झाली आणि १८७४ च्या जर्मन कायद्याने बाराव्या वर्षी दुसरी टोचणी सक्तीची केली. संसर्ग अडविण्याची शक्ती लवकर ओसरते, पण गंभीर आजारापासूनचे संरक्षण दीर्घकाळ टिकते, हा भेद तेव्हाच लक्षात आला होता. दीडशे वर्षांनी करोनाच्या लशीबाबत तोच भेद लोकांना नव्याने समजावून सांगावा लागला.

दुसऱ्या टोचणीचा हिशेब कसा ठेवावा, ही अडचणही जुनीच आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रमात टोचणीचे आकडे फार मोठे दिसत. पण त्यांतील बराच भाग शाळेत सहज सापडणाऱ्या, आधीच टोचलेल्या मुलांचा असे. घरात किंवा शेतावर राहिलेली तान्ही मुले व स्थलांतर करणारी कुटुंबे सुटून जात. गावोगाव फिरणाऱ्या, खेड्यात ‘देवी डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लसटोचकाला संख्या पुरी करायची असे आणि ती शाळेत लवकर पुरी होई. रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांना टोचण्याची पद्धत स्वीकारल्यावरच साथ आटोक्यात आली व १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. वर्धक मात्रेचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरून चालत नाही : ज्याला पहिली मात्रा मिळालेली नाही, त्याची जागा दुसऱ्याला दिलेली तिसरी मात्रा भरून काढू शकत नाही.

मिश्र मात्रेशी मिळतीजुळती योजना प्रथम व्हाल्डेमार हाफकिन यांच्या पटकीच्या लशीत दिसते. १८९३ पासून भारतात दिलेल्या या लशीत पहिल्या वेळी दुर्बल केलेले जंतू व काही दिवसांनी प्राण्यांच्या शरीरातून नेऊन मुद्दाम प्रखर केलेले जंतू टोचत. रोग एकच, परंतु दोन मात्रांतील द्रव्य भिन्न, असे तिचे स्वरूप होते. १८९५ पर्यंत सु. ४२,००० लोकांना ती देण्यात आली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरल्यावर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. तिचे संरक्षण काही महिनेच टिकत असल्याने साथीच्या दर हंगामात पुन्हा टोचावे लागे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

पुन्हा टोचल्याने नेमके काय घडते, याचे पहिले सुस्पष्ट वर्णन इंग्लंडमध्ये १९२१ साली अलेक्झांडर ग्लेनी व त्यांचे सहकारी स्यूडमर्सन यांनी घटसर्पाच्या विषावरील प्रयोगांतून केले. पहिल्या टोचणीनंतर प्रतिपिंडे (रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने) हळूहळू व थोडी निर्माण होतात. दुसऱ्या टोचणीनंतर ती थोड्याच दिवसांत व कित्येक पटींनी अधिक निर्माण होतात. शरीराला पहिल्या भेटीची आठवण राहते, असा याचा अर्थ होय. धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांवरील बालकांच्या आजच्या वर्धक मात्रा याच तत्त्वावर दिल्या जातात. मात्र हे सर्व रोगकारक स्वतः फारसे बदलत नाहीत. जो बदलतो त्याचे काय करावे, हा प्रश्न इन्फ्ल्यूएंझाने उपस्थित केला. अमेरिकेत १९४७ साली त्या वेळची लस नव्या वाणापुढे निष्प्रभ ठरली, तेव्हापासून ती वेळोवेळी बदलावी लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये आणखी एक गुंतागुंत दाखवून दिली. ज्या वाणाशी शरीराची पहिली गाठ पडते, त्याचीच छाप पुढील प्रत्येक प्रतिसादावर राहते. नवा वाण आला तरी शरीर आधी जुन्याच ओळखीची प्रतिपिंडे तयार करते. वर्धक मात्रेचे बळ व तिची मर्यादा या दोहोंचे मूळ या छापेत आहे.

करोना महासाथीत हे सर्व प्रश्न महाराष्ट्रापुढे एकाच वेळी उभे राहिले. राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. तेथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (१९५२ मध्ये स्थापना झाली तेव्हा व्हायरस संशोधन केंद्र) हा व्हायरस वेगळा केला आणि तिने पुरविलेल्या वाणापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन ही मारलेल्या व्हायरसाची लस तयार केली. दुसरी लस कोव्हिशील्ड. ती ऑक्सफर्ड विद्यापीठ व ॲस्ट्राझेनेका यांची असून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले. चिंपँझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोव्हायरसाच्या द्वारे करोना व्हायरसाच्या काटेप्रथिनाचा (‘स्पाइक’चा) आराखडा ती शरीरातील कोशिकांपर्यंत पोहोचविते. दोन्ही लशींना ३ जानेवारी २०२१ रोजी तातडीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. तिच्या आदल्या दिवशी राज्यात ज्या चार जिल्ह्यांत लसीकरणाची रंगीत तालीम झाली, त्यांत पुणे, नागपूर व नंदुरबार यांबरोबर जालना हा जिल्हा होता. प्रत्यक्ष मोहीम १६ जानेवारीला सुरू झाली.

लस येते न येते तोच व्हायरस बदलला. बी.१.६१७ या वंशाचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधील भारतातील आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या विदर्भातील जिल्ह्यांत रुग्णसंख्या वाढू लागली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीवरील भोकरदन तालुक्यात (जि. जालना) जयदेववाडीच्या ‘जाळीचा देव’ या महानुभाव पंथीयांच्या स्थानी पन्नासहून अधिक लोकांना संसर्ग झाल्याचे आढळले व मंदिर बंद करावे लागले. पिंपळगाव रेणुकाईसह या पट्ट्यातील गावांचे बाजारहाट व सोयरीक दोन्ही जिल्ह्यांत असल्याने जिल्ह्याची सीमा ही साथीची सीमा नव्हती. राज्यातील नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही उत्परिवर्तने (आनुवंशिक बदल) सापडल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. या वंशाची एक शाखा पुढे जगभर पसरली. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला ‘डेल्टा’ हे नाव दिले.

डेल्टाने प्रत्येक मात्रेचे मोल उघड केले. इंग्लंडमधील पाहणीत ॲस्ट्राझेनेका लशीच्या एका मात्रेने लक्षणयुक्त आजारापासून मिळणारे संरक्षण डेल्टाविरुद्ध सु. ३० टक्के, तर दोन मात्रांनी ६७ टक्के आढळले. म्हणजे वर्धक मात्रा दूरच, दुसरी मात्रा वेळेवर मिळणे हाच त्या वेळी जीवनमरणाचा प्रश्न होता. लस मात्र अपुरी होती. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले. त्याआधीच कोव्हॅक्सिनचा तुटवडा इतका वाढला होता, की राज्य शासनाने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण स्थगित करून त्यांच्यासाठी घेतलेल्या सु. पावणेतीन लाख मात्रा ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळविल्या. पहिली मात्रा ज्या लशीची, दुसरीही तिचीच असा नियम असल्याने, केंद्रावर कोव्हिशील्डच्या कुप्या असल्या तरी कोव्हॅक्सिन घेतलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. मिश्र मात्रेचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील नव्हता, हे यावरून लक्षात येईल.

मिश्र मात्रांविषयीचा पहिला भारतीय पुरावा एका चुकीतून हाती आला. उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्याच्या एका खेड्यात मे २०२१ मध्ये काही लोकांना पहिली मात्रा कोव्हिशील्डची व दुसरी कोव्हॅक्सिनची दिली गेली. गावात साहजिकच घबराट पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने यांपैकी १८ जणांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली व एकाच लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या प्रत्येकी ४० जणांशी तिची तुलना करण्यात आली. मिश्र मात्रा सुरक्षित असून अल्फा, बीटा व डेल्टा या वाणांविरुद्ध तिचा प्रतिसाद सरस असल्याचे आढळले. अठरा माणसांवरून धोरण ठरत नाही हे खरे. तथापि हा निष्कर्ष इतर देशांतील अनुभवाशी जुळणारा होता. यूरोपात मिश्र मात्रा आल्या त्याही आडवाटेनेच. ॲस्ट्राझेनेका लशीनंतर क्वचित उद्भवणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे जर्मनीने एप्रिल २०२१ मध्ये साठ वर्षांखालील लोकांना दुसरी मात्रा एमआरएनए लशीची घेण्याचा सल्ला दिला. ऑक्सफर्डच्या ‘कॉम-कोव्ह’ या चाचणीत २८ दिवसांच्या अंतराने दिलेल्या ॲस्ट्राझेनेका-फायझर या जोडीने ॲस्ट्राझेनेकाच्या दोन मात्रांच्या सु. नऊपट प्रतिपिंडे निर्माण केली. ताप व अंगदुखी मात्र मिश्र मात्रांनंतर अधिक आढळली. रशियाची स्पुटनिक-व्ही तेवढी आरंभापासूनच मिश्र म्हणून योजलेली होती. तिच्या दोन मात्रांत दोन निराळे ॲडिनोव्हायरस वापरलेले आहेत.

या योजनेमागील कारण सोपे आहे. व्हायरसाला वाहन करून दिलेल्या लशीत शरीर काटेप्रथिनाबरोबर त्या वाहनाविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते, व तेच वाहन पुन्हा आले की काही अंशी त्याला वाटेतच अडविते. वाहन बदलले की हा अडथळा राहत नाही. शिवाय प्रत्येक प्रकारची लस प्रतिरक्षा यंत्रणेची निरनिराळी अंगे जागी करते. मारलेल्या व्हायरसाची लस काट्याबरोबर त्याची इतर प्रथिनेही दाखविते. ॲडिनोव्हायरसाची लस टी-कोशिकांना चांगली चेतविते. एमआरएनए लशीमुळे प्रतिपिंडांचे प्रमाण फार उंचावते.

जुन्या वाणापासून बनविलेली लस तिसऱ्यांदा दिल्याने नव्या वाणापासून संरक्षण कसे मिळते, हे वरवर पाहता कोडेच वाटते. लस टोचल्यानंतर लसीका ग्रंथींत बी-कोशिकांची निवड कित्येक आठवडे, काही वेळा महिने चालू राहते. त्यांच्या जनुकांत लहान लहान बदल होतात, अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनविणाऱ्या कोशिका टिकतात व त्यांतील काही काट्याच्या अशा भागांना ओळखतात, की जे नव्या वाणातही बदललेले नसतात. रक्तातील प्रतिपिंडे ओसरली तरी या स्मृतिकोशिका राहतात. वर्धक मात्रा त्यांनाच पुन्हा कामाला लावते. त्यामुळे प्रतिपिंडांची संख्या वाढते, तसा त्यांच्या ओळखीचा पल्लाही वाढतो. टी-कोशिका प्रथिनाचे लहान लहान तुकडे ओळखतात आणि यांतील बहुतेक तुकडे वाण बदलला तरी तसेच राहतात. म्हणून संसर्ग झाला तरी तो फुप्फुसापर्यंत गंभीर रूपात पोहोचण्याचा संभव कमी होतो.

याची कसोटी ओमायक्रॉनने घेतली. काटेप्रथिनात तीसहून अधिक बदल असलेला हा वाण नोव्हेंबर २०२१ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागात आढळला; महाराष्ट्रातील त्याचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर रोजी डोंबिवलीत नोंदला गेला. इंग्लंडमधील पाहणीनुसार ॲस्ट्राझेनेकाच्या दोन मात्रांचे लक्षणयुक्त आजारापासूनचे संरक्षण पाच महिन्यांनंतर जवळजवळ उरले नव्हते. फायझरची वर्धक मात्रा दिल्यावर ते २ ते ४ आठवड्यांत ६२.४ टक्क्यांवर गेले आणि १० आठवड्यांनंतर ३९.६ टक्क्यांवर उतरले. रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण याहून अधिक व अधिक काळ टिकणारे होते. बूस्टर घेऊनही करोना झाला, मग लशीचा उपयोग काय, हा त्या काळी चावडीवर ऐकू येणारा प्रश्न या दोन प्रकारच्या संरक्षणांची गल्लत केल्याने निर्माण झाला होता.

भारतात तिसरी मात्रा १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवर काम करणारे इतर कर्मचारी व सहव्याधी असलेले साठ वर्षांवरील लोक यांना ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने देण्यास सुरुवात झाली. ती आधीच्याच लशीची असावी, असा नियम होता. ब्रिटनमधील ‘कोव्ह-बूस्ट’ चाचणीचे निष्कर्ष त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ॲस्ट्राझेनेकाच्या दोन मात्रा घेतलेल्यांना मॉडर्नाची लस दिल्यास प्रतिपिंडे सु. ३२ पट वाढली; तीच लस तिसऱ्यांदा दिल्याने होणारी वाढ त्या मानाने पुष्कळच कमी होती. परंतु एमआरएनए लस भारतीय मोहिमेत कधी आलीच नाही. जी लस कोठारात होती तीच तिसऱ्यांदा दिली गेली, यात शास्त्रापेक्षा पुरवठ्याचा वाटा मोठा होता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. वेगळी लस वर्धक म्हणून घेण्याची मुभा ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्बेव्हॅक्सच्या रूपाने प्रथम मिळाली. नाकावाटे द्यावयाची इन्कोव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये, तर सीरमची कोव्होव्हॅक्स त्यानंतर उपलब्ध झाली.

दरम्यान लोकांचा उत्साह ओसरला होता. तिसरी मात्रा १० एप्रिल २०२२ पासून सर्व प्रौढांना खुली झाली, पण साठ वर्षांखालील बहुतेकांना ती खाजगी केंद्रात पैसे मोजून घ्यावी लागे. तालुक्याच्या गावीही असे केंद्र नसलेल्या भागात या परवानगीचा अर्थ काय, हे सांगावयास नको. १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस ती मोफत देण्यात आली. देशात दिलेल्या सु. २२० कोटी मात्रांपैकी पहिल्या मात्रा १०२ कोटींवर, दुसऱ्या ९५ कोटींच्या आसपास व वर्धक केवळ २२ कोटींच्या घरात आहेत. लसीकरणाला वेग देण्यासाठी २०२१ च्या ऑक्टोबरातच राज्यात ‘कवच कुंडल’ मोहीम काढावी लागली होती. जालन्याशेजारच्या तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर नोव्हेंबरमध्ये लस न घेतलेल्यांना शिधा व पेट्रोल न देण्याचे आदेश निघाले. सक्तीने दंड पुढे येतो, विश्वास येतोच असे नाही. आशा कार्यकर्ती व उपकेंद्रातील परिचारिका दारोदार फिरून जे काम करीत होत्या, ते कोणत्याही आदेशाहून अधिक टिकाऊ होते.

जागतिक पातळीवरही हाच पेच होता. श्रीमंत देश वर्धक मात्रा देऊ लागले तेव्हा आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांना पहिलीही मिळाली नव्हती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी वर्धक मात्रा काही काळ थांबविण्याचे आवाहन केले. गरीब देशांची बरीचशी भिस्त पुण्यात बनणाऱ्या लशीवर होती आणि भारतातील दुसऱ्या लाटेमुळे तिची निर्यात त्या वसंतात थांबली होती.

येथील लोकसंख्येत लशीखेरीज आणखी एक ‘मिश्र मात्रा’ मिसळलेली होती, ती म्हणजे प्रत्यक्ष संसर्गाची. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय रक्तरस पाहणीत (तिच्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत मराठवाड्यातील बीड, परभणी व नांदेड होते) ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. संसर्ग व लस या दोहोंनी मिळणारी संकरित प्रतिरक्षा केवळ लशीच्या किंवा केवळ संसर्गाच्या प्रतिरक्षेहून व्यापक असते. जानेवारी २०२२ च्या लाटेत रुग्ण खूप, पण मृत्यू त्या मानाने कमी झाले, याचे श्रेय केवळ वर्धक मात्रेला देता येत नाही. तोवर ती फारच थोड्यांना मिळाली होती. ही प्रतिरक्षा संसर्गातून मिळविताना दुसऱ्या लाटेत जी किंमत द्यावी लागली, ती मात्र या हिशेबात धरली पाहिजे.

नव्या वाणाला अनुरूप अशी लस बनविण्याचे काम पुण्यातही झाले. जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीची ओमायक्रॉनवर आधारित जेमकोव्हॅक-ओएम ही एमआरएनए लस जून २०२३ मध्ये वर्धक मात्रा म्हणून मान्य झाली. ती कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन यांपैकी काहीही घेतलेल्यांना देता येते, सुईविना त्वचेत सोडता येते आणि २° ते ८° से. तापमानाला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या शीतपेटीत टिकते. अतिशीत कोठारे लागणाऱ्या परदेशी लशींच्या तुलनेत हा गुण खेड्यांच्या दृष्टीने मोलाचा होय. पण तोवर आणीबाणी संपल्याची घोषणा (५ मे २०२३) होऊन गेली होती. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार मंडळाने पुढील लशींतून मूळ वाण वगळून एक्सबीबी वंश घ्यावा, असे सुचविले. जुन्या वाणाची छाप पुनःपुन्हा गडद होऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. निरोगी तरुणांना सरसकट आणखी वर्धक मात्रा देण्याची शिफारस संघटनेने मार्च २०२३ मध्येच मागे घेतली असून वृद्ध, सहव्याधी असलेले, प्रतिरक्षा क्षीण झालेले, गर्भवती स्त्रिया व आरोग्य कर्मचारी यांना त्या द्याव्यात, असे सुचविले आहे.